आत्यांच्या हळकुंडावर आलेला आळ

तो डाग मी पाडला होता. एवढं एक वाक्य तोंडातून बाहेर पडायला मला चार वर्षं लागली, आणि ती चार वर्षं त्या डागाचा आळ ज्यांच्यावर राहिला त्या माझ्या बायकोच्या आत्या. लग्नाचा पांढरा पोशाख आत्यांइतका कळणारी दुसरी बाई अख्ख्या इंग्लंडात नव्हती, हे मी कुठेही शपथेवर सांगेन. राणीच्या पदरी असेल एखादी, पण तिला तो नॉटिंगहॅमच्या पावसात वाळवून दाखवावा लागला नसणार. हे सगळं लिहू का, असं परवा विचारलं तेव्हा आत्या म्हणाल्या, "लिहा की जावईबापू. फक्त पोहे बिघडले होते असं कुठे लिहू नका." म्हणून तेही सुरुवातीलाच सांगून टाकतो. पोहे उत्तम होते.

आत्या नॉटिंगहॅमला आल्या त्या काकांबरोबर, लग्नानंतर लगेच. काका सायकलींच्या कारखान्यात होते. तिसऱ्या हिवाळ्यात ते न्यूमोनियाने गेले. आता ही परत येणार म्हणून पुण्याच्या घरी खोली रिकामी करून ठेवली होती म्हणे, पण आत्यांनी एका हॉस्पिटलच्या शिवणखोलीत नोकरी धरली आणि पुढची अठ्ठावीस वर्षं चादरींना टिपा मारल्या, गाऊनना नाड्या लावल्या, डाग काढले. रक्ताचा, आयोडिनचा, चहाचा, ग्रेव्हीचा. कुठला डाग कशाने जातो हे त्यांना अजून तोंडपाठ आहे. रिटायर झाल्यावर चौथ्या दिवशी त्या घराजवळच्या चॅरिटी शॉपमध्ये जाऊन उभ्या राहिल्या आणि "आय हॅव टू हॅण्ड्स, गिव्ह समथिंग" म्हणाल्या. तिथल्या मॅनेजर जॅनेटबाईंनी त्यांना आधी पुस्तकांवर बसवलं. पहिल्याच आठवड्यात आत्यांनी पुस्तकांच्या कागदी वेष्टनांना इस्त्री केली. दोन वेष्टनं करपल्यावर जॅनेटने त्यांना वरच्या मजल्यावर पाठवलं.

वरच्या मजल्यावर लग्नाचे पोशाख असायचे. तिथल्या बायका एकदाच घालायचा म्हणून हा पोशाख घेतात, मग तो कपाटावर पडून राहतो, आणि एके दिवशी घर बदलताना किंवा मन बदलताना असल्या दुकानात आणून देतात. दुसरी कुणीतरी तो नव्याच्या कितीतरी कमी किमतीत घेऊन जाते आणि तो पैसा धर्मादाय कामाला लागतो. अशी ती सोय. मी दोन हजार तीनमध्ये वर्क परमिटवर एका विमा कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात नॉटिंगहॅमला आलो तेव्हा आत्यांचा त्या खोलीवर एकछत्री अंमल होता. आमची गाडी आली हे कळताच त्यांनी माझ्या बायकोला, वैशालीला फोन केला. अभिनंदन वगैरे काही नाही. "मागची सीट आडवी होते का गं?" एवढंच विचारलं.

तेव्हापासून माझे शनिवार आत्यांचे झाले. ज्यांना दुकानापर्यंत येणं जमत नाही अशांच्या घरून पोशाख आणायचे, हे माझं काम. पोशाख आडवा टाकलेला आत्यांना चालत नसे, तेव्हा मागच्या सीटची चौकशी त्यांनी कशासाठी केली होती ते मला आजतागायत कळलेलं नाही. तो पुढच्या सीटवर बसायचा. त्याला सीटबेल्ट लागायचा. आत्या मागे बसायच्या आणि वळणावर "सावकाश, तिला लागेल" म्हणायच्या. पोशाखांना त्या "ती" म्हणत, कारण त्यांच्या लेखी ते सगळे नऊवारीच होते. एकदा पोलिसाने सिग्नलला थांबून आत डोकावून पाहिलं. पुढे सॅटिनचा फुगलेला पोशाख पट्टा लावून बसलेला, मागे कार्डिगन घातलेल्या आणि नऊशे ग्रॅम चिवड्याची पिशवी मांडीवर घेतलेल्या आत्या. आत्यांनी काच खाली केली आणि त्याला म्हणाल्या, "शी इज गेटिंग मॅरिड अगेन." त्याने हात दाखवून आम्हाला जाऊ दिलं.

चिवड्याचं कारण असं, की कुणी काही दिलं तर त्याची पिशवी रिकामी परत करायची नाही, हा आत्यांच्या आईचा नियम, आणि तो समुद्र ओलांडल्यामुळे रद्द झालेला नव्हता. पोशाख देणाऱ्या प्रत्येक बाईला चिवडा मिळे. आर्नोल्ड या उपनगरातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी आधी स्वतःचा पोशाख दिला, मग मुलीचा, मग बहिणीचा, आणि चौथ्या वेळी फोन करून पोशाख संपले असले तरी पडदे चालतील का, असं विचारलं.

पोशाख घ्यायला येणाऱ्या मुलींची आत्या परीक्षा घेत. आरशासमोर उभं राहून गिरकी घेऊ देत नसत. आधी खुर्चीवर बसवत. "लग्नात उभं राहायचं अर्धा तास, बसायचं सहा तास. सिट." मग हात वर करायला लावत, मग जिन्याच्या दोन पायऱ्या चढायला. मग श्वास. "नॉट ऑफिस ब्रीदिंग, माय डिअर. आफ्टर-डिनर ब्रीदिंग." एवढं करून पोशाख बसला नाही तर त्या तो विकत नसत. जॅनेट खालून ओरडे, की अहो, ती घ्यायला तयार आहे, तुम्ही का नाही म्हणताय? आत्या वरून सांगत, "शी इज रेडी. ड्रेस इज नॉट रेडी."

आणि पायाचा नियम. पोशाखाला कुणाचा पाय लागला तर वाकून, त्याला हात लावून, तो हात कपाळाला लावायचा. हा नियम त्यांनी कुणाला कधी समजावून सांगितला नाही. फक्त पाय लागलेल्या माणसाकडे, तो वाकेपर्यंत, बघत राहायच्या. मी त्या दुकानात गोऱ्या बायकांना, एका निवृत्त पोस्टमनला आणि एकदा गॅसचं मीटर वाचायला आलेल्या माणसाला पोशाखाला नमस्कार करताना पाहिलं आहे. "तिला सॉरी म्हटलं की संपलं," आत्या म्हणायच्या. "मनात ठेवलं की डाग पडतो." हे वाक्य माझ्या देखत त्या किती वेळा म्हणाल्या असतील, आणि दर वेळी मी कुठे बघत असेन, हे मला आता आठवू नये असं वाटतं.

पण खरी गोष्ट ओटीची. विकला गेलेला पोशाख आत्या तसाच देत नसत. मलमलीच्या तुकड्याची अंगठ्याएवढी पुरचुंडी करायच्या, तिच्यात चिमूटभर तांदूळ आणि एक छोटं हळकुंड, आणि ती पुरचुंडी घेराच्या खालच्या दुमडीत आतून चार टाक्यांनी शिवून टाकायच्या. बाहेरून कुणाला दिसायची नाही. नवरीला मात्र हात लावून दाखवत. "दिस इज युवर ओटी. डोन्ट वॉश, डोन्ट ईट." मुलींना ते फार आवडायचं. जॅनेटला वाटायचं की आमच्याकडे कसर लागू नये म्हणून असं काही ठेवत असतील, आणि आत्यांनी तिचा तो समज मोडला नव्हता.

आता हे ज्याला कळायला हवं त्याला आधीच कळलं असेल. आत्या विधवा. पंचविसाव्या वर्षापासून कुणी त्यांना हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं, कुणाची ओटी भरायला पुढे केलं नव्हतं. इथल्या आपल्या महाराष्ट्र मंडळातसुद्धा संक्रांतीला त्या स्वयंपाकघरात तिळगूळ भरायच्या आणि बाहेर वाण दुसऱ्या कुणी द्यायच्या. कुणी त्यांना मुद्दाम आत पाठवत नसे. त्या स्वतःच जात. पण त्या वरच्या खोलीत त्यांनी मोजता येणार नाहीत इतक्या नवरीमुलींच्या ओट्या भरल्या होत्या. मंडळातल्या एका बाईंनी वैशालीला टोचून विचारलं होतं, "तुझ्या आत्या ओटी भरतात म्हणे, असं कसं चालतं?" वैशालीने रागारागाने ते आत्यांना येऊन सांगितलं. आत्या कांदा चिरत होत्या. "त्यांना म्हणावं, गोऱ्यांना अजून कळलेलं नाही मी कोण आहे ते. कळेपर्यंत भरून घेते."

आता माझं.

केरी नावाची एक उंच मुलगी होती, बसडेपोत कामाला. तिच्या खांद्याला बसणारा पोशाख मिळायला आत्यांना पाच महिने लागले. शेवटी एक हस्तिदंती रंगाचा मिळाला, मागे लांब घोळ असलेला. आत्यांनी त्याचे खांदे उसवून पुन्हा शिवले, पुरचुंडी लावली, पिशवीत घालून दांडीवर अडकवला. केरी पुढच्या शनिवारी न्यायला येणार होती. लग्न त्यानंतर दोन आठवड्यांनी.

पोशाख दांडीवर अडकवला त्याच शनिवारी पाऊस होता. आत्या माझ्यासाठी दर शनिवारी डबा आणत, कारण जावई उपाशी राहणं त्यांना बघवत नसे. वरच्या खोलीत खायचं नाही हा त्यांचा सगळ्यांत कडक नियम. पण खाली गर्दी होती, मागच्या अंगणात पाऊस होता, आणि आत्या जॅनेटबरोबर हिशोबाला बसल्या होत्या. मी म्हटलं, पाच मिनिटांचं काम. पोशाखांच्या दांडीशेजारी बुटक्या स्टुलावर बसलो आणि डबा उघडला. पोहे. वर खोबरं, कोथिंबीर, तेल सुटलेलं. पिशवीची चेन खालून अर्धी उघडी होती आणि घोळ बाहेर आला होता, हे मला चमचा निसटल्यावर दिसलं.

मी शर्टाच्या बाहीने पुसलं. पिवळं पसरलं. मग संडासातला गुलाबी साबण आणला, ओल्या रुमालाने चोळलं. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे प्रत्येक मराठी घरातल्या बाईला माहीत असतं. मला नव्हतं. माझ्या डोळ्यांदेखत तो डाग विटकरी झाला, कुणीतरी कुंकवाचा हात पुसावा तसा. मी घोळ आत कोंबला, चेन पूर्ण लावली आणि खाली येऊन जॅनेटला विचारलं, की काही उचलायचं आहे का.

पुढच्या शनिवारी केरीसमोर पिशवी उघडली ती आत्यांनीच. जॅनेट वर आली. तिने डाग पाहिला, त्याच्या जरा वर शिवलेली पुरचुंडी चाचपली, टाके तोडून उघडली, आतलं पिवळं हळकुंड हातावर घेतलं. ती वाईट बाई नव्हती. हळूच म्हणाली, "हे ओलीमुळे सुटलं असणार. डिअर, तुम्ही चांगल्या मनाने करता, पण हे आता थांबवायला हवं." खोलीत दमट होतंच. आत्यांनी आधी हळकुंडाकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे, आणि म्हणाल्या, "येस. माय मिस्टेक."

मी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा होतो. हातात खोकं होतं. ते खाली ठेवून बोलायला किती वेळ लागतो, ते मी पुढे अनेकदा घरी करून पाहिलं आहे. दोन सेकंद.

आत्यांनी पोशाख घरी नेला. हळद उन्हात उडते. त्यांनी अंगणात दोरी बांधली आणि ऊन कुठे आलं की तो घोळ त्या बाजूला फिरवत बसल्या. ढग आला की आत, गेला की बाहेर. मी दोनदा मदतीला गेलो, खुर्ची हलवली, चहा केला. मी आलो याचं आत्यांना फार बरं वाटलं. "एवढं कोण करतं हो," त्या म्हणाल्या. अकराव्या दिवशी डाग गेला. केरी आली, तेव्हा तिने दुमडीला हात लावून विचारलं, ती छोटी पिशवी कुठे आहे? आत्या म्हणाल्या, "नॉट नेसेसरी."

त्यानंतर आत्या पुन्हा पुस्तकांवर बसल्या. वर जा असं जॅनेट दोनदा म्हणाली, पण त्या गेल्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणाल्या, आणि घरी जिना दिवसातून दहादा चढत होत्या. नवरीमुलींच्या परीक्षा थांबल्या. मुली उभ्या उभ्या गिरकी घेऊन पोशाख घेऊन जाऊ लागल्या. मंडळातल्या त्या बाईंपर्यंत गोष्ट पोचली आणि "बघा, मी म्हटलंच होतं" अशी वळून आमच्याकडे आली. त्या वर्षी संक्रांतीला वैशाली आत्यांना म्हणाली, निदान माझी ओटी तरी तुम्ही भरा. आत्यांनी हात पदराखाली घेतले. "नको गं. माझ्या हाताने बघितलंस ना काय झालं. त्या बाया बोलतात त्यात असेलही काही."

मी शेजारच्याच खुर्चीवर होतो. ताटात तिळाची वडी होती. ती मी खाल्ली.

मी शनिवार मात्र चुकवला नाही. चार वर्षं पोशाख आणले, पुढच्या सीटवर बसवले, पट्टा लावला. मागची सीट रिकामी असायची. आपण प्रायश्चित्त घेतोय अशी मी स्वतःची समजूत घातली होती. खरं सांगायचं तर जे सोपं होतं ते करत होतो, म्हणजे जे अवघड ते करायला नको.

मग एका शनिवारी दुकानाच्या दारात केरी उभी. कडेवर मूल, हातात तीच पिशवी. पोशाख परत द्यायला आली होती. "त्या म्हाताऱ्या बाई आहेत का? ती हळदीची पिशवी पुढच्या मुलीला तरी द्यायला सांगा. मला मिळाली नाही. माझ्या बहिणीच्या मैत्रिणीला मिळाली होती. लग्नाच्या दिवशी मी सारखी तिथे हात लावून बघत होते." आत्यांची त्या दिवशी सुट्टी होती. मी तिथेच, पुस्तकांच्या कपाटासमोर, जॅनेटला सगळं सांगितलं. जॅनेटने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाली, "मला सांगून काय उपयोग?"

मी पोशाखाला पुढच्या सीटवर बसवलं आणि आत्यांच्या घरी गेलो.

आत्यांनी दार उघडलं आणि माझ्याऐवजी पोशाखाकडे पाहिलं. "ही कशी काय आली?" टेबलावर पसरून त्यांनी घोळाची ती जागा पहिल्याच झटक्यात शोधली. तिथे काही नव्हतं, तरी त्यांचा अंगठा तिथेच फिरत होता.

"आत्या," मी म्हटलं, "त्या दिवशी मी वर बसून डबा खाल्ला होता."

अंगठा थांबला.

"पोहे?"

"हो."

"माझेच?"

"हो."

"तेल जास्त झालं होतं त्या दिवशी. मला येतानाच वाटत होतं." त्या खुर्चीवर बसल्या. "मग धुतलंत कशाने?"

"संडासातल्या साबणाने."

"गुलाबी?"

"गुलाबी."

"म्हणून लाल," त्या म्हणाल्या. बराच वेळ त्यांनी स्वतःचा उजवा हात टेबलावर पालथा ठेवून पाहिला, मग उताणा करून पाहिला. "कोरडं हळकुंड असं सुटत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. अठ्ठावीस वर्षं डाग काढले मी. पण ते मला आठवलंच नाही बघा. दुसरंच खरं वाटलं."

मी वाकलो, पोशाखाच्या घेराला हात लावला आणि तो कपाळाला लावला, त्यांनी सगळ्या दुकानाला शिकवलं होतं तसा.

आत्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तिला पोचलं," त्या म्हणाल्या. "आता मला सांगा."

मी त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसलो आणि सांगितलं. "आत्या, डाग मी पाडला आणि चार वर्षं तुमच्या नावावर राहू दिला. तुमच्या हाताने काहीही झालं नव्हतं. उद्या वैशालीला घेऊन येतो, तिची ओटी तुम्ही भरा. माझं चुकलं. मला माफ करा."